सगळं नॉर्मल आहे

"पाणी गार का नॉर्मल?" वेटरने विचारलं आणि माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. साधा प्रश्न. नवी पेठेतल्या या हॉटेलात रोज सकाळी पोह्यांबरोबर हा प्रश्न येतो आणि रोज मी मोबाइलवरून मान वर न करता उत्तर देतो. आज मात्र मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो. त्याच्या एका हातात दोन बाटल्या होत्या, एकीला बाहेरून घाम आलेला, दुसरी कोरडी. शेजारच्या टेबलावरचा माणूस जिलेबीचा तुकडा तोंडाशी धरून माझ्याकडे बघायला लागला. "साहेब, गार का नॉर्मल?" वेटरने जरा मोठ्याने विचारलं, बहिऱ्याला विचारतात तसं. "साधं," मी म्हणालो. "म्हणजे नॉर्मलच की," असं म्हणून त्याने कोरडी बाटली माझ्यापुढे ठेवली आणि तो दुसऱ्या टेबलाकडे वळला. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. एवढ्या मोठ्या हॉटेलात कोणाला काय माहीत असणार माझं? पण मला वाटलं, सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे मुद्दाम तो शब्द माझ्याकडून वदवून घेताहेत. पोह्यांवर लिंबू पिळायचं राहिलं. पैसे देऊन मी उठलो, बॅग खांद्याला अडकवली. बॅगेत रक्त काढायच्या सुया, नळ्या, दंडाला बांधायचा पट्टा आणि बर्फाचा डबा. सायरकाकींकडे नऊला पोचायचं होतं आणि अजून वीस मिनिटं होती. वीस मिनिटं कुठे घालवायची ते कळेना म्हणून मी स्कूटर हातात धरून पायीच निघालो.

मी लॅब टेक्निशियन. नाव अभिमन, गाव शिंदखेड्याजवळचं, शिक्षण धुळ्यात, पोट जळगावात. एकोणीस वर्षं लोकांचं रक्त काढतोय. सकाळी घरोघर जाऊन नमुने गोळा करायचे, अकराच्या सुमाराला लॅबमध्ये यायचं, नळ्या फिरवायच्या, मशीनला लावायच्या, आकडे आले की टाइप करायचे. संध्याकाळी सातला मॅडम येतात आणि सही करतात. पण लोकांना संध्याकाळपर्यंत कुठला दम? दुपारी बारापासूनच फोन सुरू होतात. "अभिमनभाऊ, काय आलं?" माणूस फोनवर विचारतो तेव्हा त्याचा श्वास ऐकू येतो. त्या श्वासाला काहीतरी द्यावं लागतं. मी देतो. म्हणजे द्यायचो. "सगळं नॉर्मल आहे, काळजी करू नका, प्रिंट संध्याकाळी." कधी मशीन बघून सांगायचो, कधी नळी अजून रॅकमध्येच उभी असायची तेव्हाही सांगायचो. शंभरातले नव्वद नॉर्मलच निघतात. उरलेल्या दहांना संध्याकाळी सांगायचं, थोडंसं वरखाली आहे, डॉक्टरांना दाखवून घ्या. कोणी कधी तक्रार केली नाही. उलट लोक म्हणायचे, अभिमनभाऊंचा हात हलका आणि तोंड गोड. हे ऐकून मला बरं वाटायचं. आता आठवलं की तोंडात अॅल्युमिनियमच्या भांड्यातलं ताक प्यायल्यासारखी चव येते.

या शब्दाने मला पोसलंय, हे खरंच आहे. विचार करायला लागलो की दिवसभरात तो किती वेळा लागतो ते बघून थक्क व्हायला होतं. पंपावर पोरगी विचारते, नॉर्मल का पॉवर? थाळी नॉर्मल का स्पेशल? बायकोच्या दोन्ही डिलिव्हऱ्या नॉर्मल, हे माझी सासू अजून लोकांना अभिमानाने सांगते. मोबाइल सायलेंटवर टाकला की बायको म्हणते, नॉर्मलला ठेवा हो, ऐकूच येत नाही तुम्हाला. शेजारी नवराबायकोचं भांडण झालं, आता नॉर्मल झालेत. लग्नाला जाताना नॉर्मल कपडे घाल, एवढं नटू नको. एखाद्याच्या मुलाने एकट्याने बडबड केली की हलक्या आवाजात, तो तसा नॉर्मल नाही बरं का. मराठीत बरा आहे, ठीक आहे, साधा आहे, रोजचा आहे, शहाणा आहे, आमच्यातला आहे, यांना वेगवेगळे शब्द आहेत. आम्ही ते सगळे एका डब्यात कोंबले आणि झाकण लावलं. आत काय आहे ते बघायचं नसेल तेव्हा हा डबा फार सोयीचा. रिपोर्टवर आमच्याकडे तो छापलेलाच असतो, उजव्या बाजूच्या रकान्यात, सोडियमपुढे एकशे पस्तीस ते एकशे पंचेचाळीस. कॉलेजात सरांनी सांगितलं होतं, हे आकडे देवाने दिलेले नाहीत, शंभर धडधाकट माणसांचं रक्त घेतलं, त्यातल्या मधल्या पंच्याण्णवांचे हे आकडे. मी तेव्हा विचारलं होतं, सर, उरलेल्या पाचांचं काय? वर्ग हसला होता. मीसुद्धा हसलो होतो.

सायरकाकींचं घर या गल्लीच्या टोकाला. तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं ओसवाल जैन घर, खाली कापडाचं दुकान, वर राहणं. काकींचे यजमान अमृतलालजी जाऊन सहा वर्षं झाली, दुकान मुलगा प्रेमराज बघतो. त्यांच्याकडे मी दहा वर्षं जातोय, काकींची साखर, थायरॉइड, असं सगळं. त्या घराच्या वेळा मला पाठ आहेत. सूर्य उगवल्यावर काही वेळ गेल्याशिवाय काकी पाणी घेत नाहीत आणि सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही नाही. गोळीसुद्धा मावळायच्या आत. या वर्षी पर्युषणात काकींनी अठ्ठाई धरली. आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. वय चौऱ्याहत्तर. घरातले सगळे विरोधात. प्रेमराजशेठ रोज भांडत होते, त्यांची सून चेलना रडत होती, घरचे डॉक्टर नको म्हणत होते. शेवटी तह झाला: पाचव्या दिवशी रक्त तपासायचं, रिपोर्ट बिघडला तर काकींनी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत पारणं करायचं. काकींनी हात जोडून कबूल केलं होतं. मी त्या सकाळी सुई लावत होतो तेव्हा प्रेमराजशेठ फोनवर बोलायला गॅलरीत गेले. काकींनी दुसरा हात माझ्या मनगटावर ठेवला. हात कागदासारखा झाला होता. "अभिमनभाऊ, बेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पारण्याचे मूग मी शिजवले," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचं, जावेचं, नणंदेचं. माझं राहूनच गेलं. काही आलं तरी नॉर्मल सांगा हां." मी हसलो. "नॉर्मलच येणार काकी," म्हणालो आणि नळीवर नाव लिहिलं. जिना उतरेपर्यंत मी ते विसरलोसुद्धा, कारण अजून सात घरं बाकी होती.

दुपारी सव्वाबाराला प्रेमराजशेठांचा फोन आला. मी लॅबच्या दारात वडापाव खात होतो. काकींची नळी रॅकमध्ये होती, लाल झाकणाची, पाचव्या खणात, अजून फिरवलेलीही नव्हती. "काय भाऊ, आईचं?" "सगळं नॉर्मल आहे शेठ," मी म्हणालो, तोंडात घास होता. त्यांनी सोडलेला श्वास मला अजून ऐकू येतो. "सुटलो," ते म्हणाले. "नाहीतर आज घरात रामायण झालं असतं." दोन वाजून दहा मिनिटांनी मशीनने काकींचं सोडियम दाखवलं: एकशे एकवीस. मी पुन्हा लावलं. एकशे वीस. अंगातलं मीठ इतकं उतरलं की माणूस बरळायला लागतो, झटके येतात, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. मशीनवर लाल अक्षरं लुकलुकत होती आणि आमच्या रजिस्टरच्या पहिल्याच पानावर मॅडमनी लिहून ठेवलंय, असा आकडा आला की पाच मिनिटांत पेशंटला फोन. मी फोन उचलला, नंबर काढला आणि ठेवला.

तो फोन मी का केला नाही, ते चार दिवस स्वतःला विचारतोय. मला काकी मराव्यात असं वाटत होतं का? छे. मला फक्त वाक्य सापडत नव्हतं. "शेठ, मघाशी मी नॉर्मल म्हणालो ते न बघता म्हणालो." हे वाक्य माझ्याकडे तयार होतं, नऊ शब्दांचं. पण ते मी बोलणार कसा? एकोणीस वर्षांचं गोड तोंड या नऊ शब्दांत वाहून गेलं असतं. त्यांनी पुढे विचारलं असतं, मग वडिलांच्या वेळी? मग माझ्या साखरेच्या वेळी? म्हणून मी दुसरी वाक्यं शोधत बसलो. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय, दुसरं काय. मी पिपेट धुतल्या. टेबल पुसलं. एक चहा घेतला, मग अजून एक. तीन वेळा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. भिंतीवर एका औषध दुकानाचं कॅलेंडर आहे, त्यावर तारखेखाली बारीक अक्षरांत सूर्योदय आणि सूर्यास्त छापलेले असतात. त्या दिवशीचा सूर्यास्त सहा बेचाळीस. ते मी साडेतीनला वाचलं, साडेचारला वाचलं आणि सहाला पुन्हा वाचलं. मला सगळं कळत होतं. चार तास हातात होते, मग तीन, मग एक. खिडकीतून ऊन टेबलावरून खुर्चीवर गेलं, खुर्चीवरून भिंतीवर. सहा पन्नासला मी फोन केला. किती शहाणा माणूस! वाक्य अखेर सापडलं होतं. "शेठ, दुपारी नॉर्मल दिसत होतं, पण मला राहवेना, मी स्वतःहून पुन्हा लावलं. सोडियम कमी येतंय. काकींना आत्ता दाखवा." मग शेठ म्हणाले, "आठ मिनिटं झाली हो सूर्य मावळून. आता ती तोंड उघडणार नाही." त्यांनी हात जोडले, डॉक्टर घरी आले, काकी हलल्या नाहीत. सकाळी घेईन, म्हणाल्या. पहाटे झटका आला. मग दवाखाना, सलाईन, दोन दिवस काकी चेलनाला स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या.

आणि या सगळ्यात मी कोण ठरलो? देवमाणूस. शेठ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, अभिमनभाऊंनी स्वतःहून पुन्हा तपासलं म्हणून आई वाचली, नाहीतर आम्ही नॉर्मल समजून झोपलो असतो. मॅडमनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. बायकोने शिरा केला. मी तो खाल्ला. माणूस इतका निर्लज्ज असू शकतो हे मला माझ्याच ताटात दिसलं.

झटका कसा असतो ते मला माहीत आहे म्हणालो. माझा थोरला भाऊ तोताराम, आम्ही त्याला नाना म्हणतो, त्याला लहानपणापासून फिट येतात. जमिनीवर टाचा घासल्या जातात तो आवाज मी अंधारातही ओळखतो. एरवी नाना तुमच्या आमच्यासारखाच, जरा सावकाश बोलतो इतकंच, बैल राखायचा, भजनात टाळ वाजवायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा धुळ्याहून मुलीकडचे घर बघायला आले. सासरे प्राथमिक शाळेत शिक्षक, नीट माणूस. चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "घरात आजारबिजार काही? सगळे नॉर्मल ना?" माझी आई ताईबाई दाराआडून म्हणाली, "बठ्ठं नॉर्मल शे." सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शिकलेला, रक्ताची तपासणी करणारा, माझ्या शब्दाला वजन. "हो, सगळे नॉर्मल," मी म्हणालो. नाना तेव्हा पाचोऱ्याला मावशीकडे होता. आम्ही त्याला तिथे पाठवला होता, भुईमूग उपटायला मदत लागते म्हणून. लग्नातही तो तिथेच होता. त्याला आम्ही आठ दिवस पुढची तारीख सांगितली होती. तो परत आला तेव्हा दारातला मांडव सुटला होता आणि बांबू गाडीत भरणं चालू होतं. त्याच्या हातात पिशवी होती, पिशवीत लग्नासाठी शिवलेला पोपटी रंगाचा शर्ट. तो रडला नाही, ओरडला नाही. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मना शर्ट व्हता ना रे नवा." मग जरा वेळाने, "मी नॉर्मल नही शे का रे, अभिमन?" मी आत जाऊन पाणी प्यायलो. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं राहिलं ते राहिलंच. बायकोला वर्षभरात सगळं कळलं आणि तिने काही मनावर घेतलं नाही, उलट गावी गेली की नानाचं करते. म्हणजे लपवायची गरजही नव्हती. आता दर रविवारी मी आईला फोन करतो, नाना कसा आहे विचारतो, ती म्हणते, "नॉर्मल शे रे, तू काळजी नको करू." आणि मीही करत नाही. त्याच्या गोळ्या किती उरल्यात, शेवटची फिट कधी आली, हे मी विचारत नाही. एका शब्दात हिशोब मिटतो.

गल्लीच्या टोकाला पोचलो तर काकींच्या शेजारच्या घरासमोर मांडव होता. त्या घरातल्या सुनेची अठ्ठाई काल संवत्सरीला पुरी झाली होती, आज पारणं. बायका स्तवन म्हणत होत्या, पितळी परातीत वाट्या मांडलेल्या, मुगाच्या पाण्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता. दारातला एक गृहस्थ, ज्याला मी ओळखतही नव्हतो, पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "भाऊ, मिच्छामि दुक्कडम्." वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर माफ करा, असा त्याचा अर्थ. संवत्सरीनंतर ही माणसं अशी दारोदार क्षमा मागत फिरतात, खमतखामणा म्हणतात त्याला, शेठ नोकराची मागतो, सासू सुनेची मागते. मीही हात जोडले. इतकी वर्षं मला ही पद्धत जराशी गमतीची वाटायची, सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागून टाकायची, एकदम ठोकमध्ये. आज त्या अनोळखी माणसाचे जोडलेले हात बघून वाटलं, याला माझं नाव तरी विचारावं.

जिना चढलो. खाली दुकान उघडलं होतं, शेठ गिऱ्हाईकांत होते, त्यांनी गल्ल्यावरूनच हात उंचावला. वर चेलनाने दार उघडलं. "या भाऊ, दादीसा वाटच बघताहेत तुमची." काकी खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. हडकल्या होत्या, पण डोळे जागेवर आले होते. दवाखान्यातून कालच सोडलं होतं आणि डॉक्टरांनी आज पुन्हा सोडियम बघायला सांगितलं होतं. शेजारच्या घरातलं गाणं खिडकीतून सरळ आत येत होतं आणि खिडकी लावावी असं कोणालाच म्हणवत नव्हतं. "साता आहे ना काकी?" मी विचारलं. बरं आहे ना, असं त्यांच्यात या शब्दाने विचारतात. दहा वर्षांत त्यांच्याकडून मी हा एक शब्द शिकलो होतो. "साता आहे," त्या म्हणाल्या. "पचोला झाला माझा. पाच तर झाले. अठ्ठाई नाही झाली." मग त्यांनी चेलनाला उकळलेलं पाणी आणायला पाठवलं, ती आत जाईपर्यंत थांबल्या आणि माझ्यापुढे हात जोडले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचे हात, सलाईनच्या जागी निळा डाग पडलेले. "अभिमनभाऊ, तुम्हाला खमावते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी तुमच्याकडून खोटं बोलवून घेतलं. मी म्हटलं नॉर्मल सांगा, तुम्ही सांगितलं. तुमचा धंदा, तुमचा धरम, मी स्वार्थापायी बिघडवला. संध्याकाळी तुम्हाला राहवलं नसेल, म्हणून फोन केला असेल. मी प्रेमराजला काही बोलले नाही. हे पाप माझं आहे, तुमचं नाही."

मी पट्टा हातात धरून उभा. क्षणभर, खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. किती सुंदर गोष्ट तयार होती माझ्यासाठी! मुलाच्या लेखी मी काळजीवाहू, आईच्या लेखी मी दयाळू. एका म्हातारीची इच्छा पुरी व्हावी म्हणून खोटं बोललेला माणूस. असा माणूस मला स्वतःलाही आवडला असता. फक्त हात जोडायचे, मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं, आणि उजव्या बाजूच्या रकान्यात सगळं बसलं असतं. शेजारी बायकांचा आवाज वर चढला, बहुतेक पहिली वाटी त्या सुनेच्या ओठांना लागली असेल. काकींची नजर खिडकीकडे गेली आणि परत माझ्याकडे आली. मला ओट्यावर बसलेला नाना दिसला, पिशवी मांडीवर घेऊन. या वेळी पाणी प्यायला आत जाता येत नव्हतं.

"काकी, तसं नाही," मी म्हणालो. "मी तुमच्यासाठी खोटं बोललो नाही. तुम्ही सांगितलेलं मी जिना उतरेपर्यंत विसरलो होतो. रिपोर्ट बघितलाच नव्हता मी. नळी तशीच होती. सवयीने बोललो." त्या ऐकत होत्या. आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणार नाही हे मला कळत होतं. "दोन वाजता आकडा दिसला. सूर्यास्त सहा बेचाळीसला होता. मला लाज वाटली म्हणून मी फोन केला नाही. चार तास होते. तुम्ही कबूल केल्याप्रमाणे दिवसाउजेडी पारणं केलं असतं, झटका आला नसता."

काकी रागावतील असं मला वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा आधी गोंधळला आणि मग हळूहळू उतरत गेला. "म्हणजे माझ्यासाठी नाही बोललात?" त्यांनी विचारलं. "नाही काकी." त्यांनी जोडलेले हात सोडले आणि मांडीवर ठेवले. "दवाखान्यात मला सगळी नावं विसरायला झाली होती," त्या म्हणाल्या, "पण एक गोष्ट लक्षात होती. वाटायचं, घरातले सगळे नको नको म्हणत होते, एक तरी माणूस होता ज्याला वाटलं, या बाईची अठ्ठाई व्हावी." मी खरं बोललो होतो आणि त्यांच्याजवळ उरलेली एकुलती एक चीज काढून घेतली होती. माफी मागावी तर कोणत्या तोंडाने? तरी मागितली. काय बोललो ते आठवत नाही. चेलना पाण्याचा पेला घेऊन आली आणि आम्हा दोघांकडे बघून दारातच थबकली.

काकींनी पेला घेतला, दोन घोट प्यायल्या, खाली ठेवला. मग बाही वर सरकवून हात माझ्यापुढे लांब केला. "घ्या," म्हणाल्या. मी पट्टा बांधला. शीर सापडायला वेळ लागला, सगळ्या सलाईनने थकलेल्या. सुई गेली, नळी भरली. मी कापूस दाबून धरला. त्यांनी तो माझ्या बोटाखालून काढून स्वतः धरला. "या वेळेला बघून सांगा," त्या म्हणाल्या.

मी उरलेली घरं दुसऱ्या टेक्निशियनला दिली आणि सरळ लॅबमध्ये आलो. नळी अर्धा तास उभी ठेवली, फिरवली, वरचं पिवळं पाणी वेगळं केलं आणि मशीनला लावलं. ती काही मिनिटं मी टेबलाजवळून हललो नाही. चहावाला आला, गेला. साडेदहाला फोन वाजला. प्रेमराजशेठ. "काय अभिमनभाऊ, नॉर्मल?" आवाजात काळजी नव्हती, उलट माझ्यावर सगळा भरवसा होता. मशीनच्या काचेवर अजून फक्त फिरतं चाक होतं.

"अजून बघितलं नाही शेठ," मी म्हणालो.

"बरं, बरं. थांबतो मी. तुम्ही सावकाश बघा. तुमच्यासारखं बघणारं कोणी नाही."

"शेठ, फोन ठेवू नका," मी म्हणालो. "त्या दिवशीही बघितलं नव्हतं."

पलीकडे दुकान चालू होतं. कोणीतरी ठाणातून कापड फाडत होतं, एक मीटर, दोन मीटर, तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. शेठांनी फोन ठेवला नाही. मी फोन कानाला तसाच धरून काचेकडे बघत उभा राहिलो.